लेखाशास्त्राची पदवी आणि मोठ्या बँकेतली शिकाऊ उमेदवारी: गोव्यातल्या मुलांना हा रस्ता कितपत मोकळा आहे?

विर्डीकर

सर्वांस नमस्कार. माझी मुलगी साखळीच्या सरकारी महाविद्यालयात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या मेव्हणीचे कुटुंब पोर्तुगीज पासपोर्टवर बऱ्याच वर्षांपूर्वी इंग्लंडला गेले आणि स्विंडनला स्थायिक झाले. तिच्या मुलाला तिकडे बारावीच्या तोडीची परीक्षा झाल्यावर एका मोठ्या बँकेने लेखा विभागात उमेदवार म्हणून घेतले आहे. त्याला दरमहा पगार मिळतो, विद्यापीठाची पदवीही त्याच नोकरीत मिळणार आहे आणि शिक्षणाचा खर्च त्याला करावा लागत नाही. गणेशचवथीला तो घरी येऊन गेल्यापासून मुलगी विचारते आहे की आपल्याकडे असे काही का नाही.

आपल्याकडेही बँकांच्या शिकाऊ उमेदवारांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येतात. त्या आणि ही योजना एकच आहेत काय? नसल्यास पदवी चालू असताना बँकेत काम शिकण्याचा कोणता मार्ग आहे? दुसरी शंका भाषेची आहे. मुलीने दहावीला मराठी घेतली होती, कोंकणी नव्हे, आणि जाहिरातींत गोव्यासाठी कोंकणीची अट असते असे ऐकतो. मी स्वतः खाणीवरच्या ट्रकमालकांचे हिशेब लिहीत आलो, त्यामुळे नावे-जमा कळते. परंतु या योजनांच्या परिभाषेत मात्र माझा निभाव लागत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

थिवी ते स्विंडन

विर्डीकरभाऊ, मी येथे एका वित्तसंस्थेच्या लेखा विभागात काम करते आणि दरवर्षी असे दोन-चार उमेदवार आमच्या टेबलांवर येतात, म्हणून आधी इकडची बाजू सांगते.

इकडे मोठ्या संस्था उमेदवार का घेतात, हे कळले की बाकीचे आपोआप उलगडते. एप्रिल २०१७ पासून, ज्या मालकाचा वार्षिक पगारखर्च ३० लाख पौंडांहून अधिक आहे त्याला त्यावरील रकमेच्या अर्धा टक्का इतका उमेदवारी कर भरावा लागतो. इंग्लंडमध्ये हा पैसा उमेदवारांच्या प्रशिक्षणाच्या आणि परीक्षांच्या खर्चासाठीच वापरता येतो, पगारासाठी नाही. ठरलेल्या मुदतीत वापरला नाही तर तो हातचा जातो. मोठ्या बँकेचा पगारखर्च केवढा असेल याचा अंदाज आपण करू शकता. त्यामुळे बँकेने विद्यापीठाचे शुल्क भरणे ही मेहेरबानी नव्हे. भरलेला कर कामी लावण्याची ती रीत आहे.

उमेदवार हा येथे पहिल्या दिवसापासून कर्मचारी असतो. त्याला पगारी रजा मिळते, निवृत्तिवेतनाचा हिस्सा मिळतो आणि शिक्षणाचे शुल्क त्याच्याकडून घेता येत नाही. उमेदवारासाठी कायद्याने ठरवलेले किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये ताशी ७.५५ पौंड होते. मोठ्या बँका त्याहून बरेच अधिक देतात. उमेदवाराला ठरलेले किमान तास प्रशिक्षणासाठी मोकळे द्यावे लागतात. हे तास कामाच्या वेळेतले असतात, घरी जाऊन रात्री जागण्याचे नव्हेत. पदवीच्या जोडीने सनदी लेखापाल संस्थेच्या परीक्षाही द्याव्या लागतात. इंग्लंड आणि वेल्सच्या संस्थेची सनद हवी असेल तर परीक्षांखेरीज ४५० दिवसांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. एसीसीए या दुसऱ्या लेखापाल संस्थेचा मार्ग घेतला तर १३ विषय आणि ३६ महिन्यांचा अनुभव. ज्यांनी आधी काही शिकले आहे त्यांना काही विषयांत सूट मिळते.

कामाविषयी म्हणाल तर महिनाअखेर हाच खरा शिक्षक आहे. महिना संपल्यावर पहिल्या चार-पाच कामाच्या दिवसांत पुस्तके बंद करावी लागतात. देणे झालेला परंतु बिल न आलेला खर्च अंदाजाने नोंदवायचा, समूहातल्या एका कंपनीचे दुसरीकडून येणे दोन्हींकडे तितकेच दिसते का ते पाहायचे, खतावणीतला प्रत्येक शिल्लक आकडा कशाच्या आधारावर उभा आहे त्याचा कागद जोडायचा. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला हे आधी कंटाळवाणे वाटते. वर्षभराने तोच मुलगा एखाद्या आकड्याकडे पाहून "हा गेल्या महिन्याच्या विरुद्ध दिशेला कसा?" असे विचारू लागतो, तेव्हा तो शिकला असे आम्ही समजतो.

आता कटू भाग. गोव्यात राहणाऱ्या मुलीला या योजनेत थेट अर्ज करता येत नाही. उमेदवाराला येथे काम करण्याचा हक्क असावा लागतो आणि सरकारी पैशासाठी साधारणपणे तीन वर्षांचे वास्तव्य असावे लागते. पोर्तुगीज पासपोर्ट असला तरी २०२० संपल्यानंतर त्याच्या जोरावर नव्याने येऊन राहण्याचा मार्ग बंद झाला आहे. शिवाय जानेवारी २०२६ पासून सर्वांत वरच्या, म्हणजे सातव्या पातळीच्या उमेदवारीला सरकारी पैसा मुख्यत्वे १६ ते २१ वयाच्या नव्या उमेदवारांनाच मिळतो, आणि सनदी लेखापालाची उमेदवारी नेमकी त्याच पातळीवर येते. तेव्हा "आधी तिकडे जाऊ, मग पाहू" असा सल्ला कोणी दिला तर कृपया ऐकू नका.

निवृत्त शाखाधिकारी

मी राष्ट्रीयीकृत बँकेत आयुष्य काढले. त्यातली शेवटची वर्षे बार्देश आणि डिचोली तालुक्यांतल्या शाखांत गेली, आणि शिकाऊ उमेदवार माझ्या हाताखाली होते. विर्डीकरांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आहे. बँकांच्या जाहिराती आणि इंग्लंडची ती योजना या भिन्न गोष्टी आहेत.

आपल्याकडे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके उमेदवार घ्यावेच लागतात. बँका ही संख्या मुख्यत्वे पदवीधरांमधून भरतात. उमेदवारी एक वर्षाची असते, वयोमर्यादा बहुधा २० ते २८ असते, आणि अर्ज करण्यापूर्वी पदवी पूर्ण झालेली असावी लागते. पदवी चालू असताना हा मार्ग खुला नाही, हे आधी लक्षात घ्यावे. स्टेट बँकेने २०२३ मध्ये ६,१६० उमेदवारांची जाहिरात काढली होती, विद्यावेतन दरमहा १५,००० रुपये होते. बँक ऑफ बडोदाने २०२५ च्या आरंभी ४,००० जागा काढल्या, त्यांत शहरी शाखेला १५,००० आणि ग्रामीण व निमशहरी शाखेला १२,००० असा फरक होता. गोव्यातल्या पुष्कळशा शाखा दुसऱ्या वर्गात मोडतात, हे अर्ज करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

कायद्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी नाही, महागाई भत्ता नाही, आणि वर्ष संपल्यावर नोकरीची हमी नाही. थिवीच्या ताईंनी वर्णन केलेल्या उमेदवाराशी तुलना करता हा सर्वांत मोठा फरक आहे. तेथे बँक त्याला सनदी लेखापाल करण्यासाठी घेते. येथे बँक त्याला एक वर्ष शाखा दाखवते.

शाखा पाहण्यातही शिकण्यासारखे पुष्कळ आहे, हे मी नाकारत नाही. गोव्याच्या शाखा इतर ठिकाणच्या शाखांपेक्षा वेगळ्या आहेत. आपल्याकडे ठेवी अमाप आणि कर्जे त्या मानाने थोडी. जहाजांवर काम करणाऱ्या तारवटींचे पैसे अनिवासी खात्यांत येतात, आखातातून येतात, इंग्लंडमधून येतात. खाते अनिवासी कधी करायचे, परत आल्यावर निवासी कधी करायचे, कोणत्या ठेवीच्या व्याजावर कर लागत नाही आणि कोणत्या ठेवीवर लागतो, हे सर्व हुशार मुलाला सहा महिन्यांत उत्तम कळते. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवींच्या व्याजावरील करकपातीची मर्यादा ५०,००० वरून एक लाख रुपये झाली. तरीही आमच्या भागातले वृद्ध सवयीने करकपात टाळण्याचा फॉर्म भरायला येत राहिले. त्यांना कोणी समजवावे, तर शिकाऊ उमेदवाराने. परंतु याला मी ग्राहकसेवा आणि बँकिंग म्हणेन. लेखाशास्त्र म्हणणार नाही. शाखेत आज हिशेब लिहिला जात नाही. व्यवहार झाला की संगणक दोन्ही बाजूंच्या नोंदी स्वतःच करतो, ताळेबंद मुख्य कार्यालयात तयार होतो, आणि ती कार्यालये मुंबई, बेंगळुरूसारख्या शहरांत आहेत.

भाषेविषयी: कायद्याने गोव्याची राजभाषा देवनागरी कोंकणी असून १९८७ च्या त्याच कायद्यात शासकीय कारणांसाठी मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. बँकांच्या जाहिरातींत मात्र गोव्यासमोर कोंकणीच लिहिलेली असते. दहावी किंवा बारावीच्या गुणपत्रिकेवर ती भाषा असेल तर चाचणी माफ होते, नसेल तर वाचन, लेखन, संभाषण आणि आकलन अशी चाचणी द्यावी लागते. यावर येथे वाद नको. घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलीला ती चाचणी जड जाऊ नये, तयारी लेखनाची करावी.

मिरामारचा माणूस

वरचे सर्व वाचून मला इतकेच वाटते की ही स्वस्तातली कारकुनी आहे. बँकेत लिपिकाच्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि त्यांवर १२,००० रुपयांत पदवीधर बसवायचे. निवृत्त शाखाधिकारी साहेबांनी प्रामाणिकपणे सांगावे: उमेदवारांसाठी लेखी अभ्यासक्रम त्यांच्या शाखेत होता काय?

निवृत्त शाखाधिकारी

होता. तो कपाटात होता. तपासणीच्या वेळी दाखवण्यासाठी होता असे म्हटले तरी चालेल. मात्र कपाटातला तो कागद उमेदवाराने मागितला तर कोणत्याही अधिकाऱ्याला "नाही" म्हणता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. मागणारे उमेदवार थोडे असतात.

सांगेकरीण

मी एका मोठ्या सार्वजनिक बँकेच्या दक्षिण गोव्यातल्या शाखेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केली आहे. बँकेचे नाव लिहीत नाही. वरचे दोन्ही प्रतिसाद एकाच वेळी खरे असू शकतात, हे माझ्या अनुभवावरून सांगते.

सुरुवातीचे कित्येक महिने मी पासबुके छापली, आधार जोडण्यांच्या याद्या केल्या, झेरॉक्स काढल्या आणि बचत खाते उघडायला आलेल्या माणसांना विमा समजावून सांगितला. हे शेवटचे काम कोणत्या अभ्यासक्रमात बसते ते मला अद्याप कळलेले नाही. पैशांच्या खिडकीवर उमेदवाराला बसवत नाहीत आणि संगणकावर नोंद करण्याचा अधिकारही देत नाहीत. ते योग्यच आहे, कारण नोंद करणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा अशी दोघांची सही त्या व्यवस्थेत लागते आणि तिसऱ्याला तेथे जागा नसते. कोणी अधिकारी घाईत आपला पासवर्ड सांगून "तूच मार नोंद" म्हणाला तर नम्रपणे नकार द्यावा. पुढे चौकशी झालीच तर उमेदवाराची बाजू घेणारे कोणी नसते.

परंतु एक काम मला असे मिळाले की त्यात मी लेखाशास्त्र शिकले. एटीएममधून पैसे बाहेर आले नाहीत पण खात्यातून वजा झाले, अशा तक्रारी प्रत्येक शाखेत येतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम परत करावी लागते, उशीर झाला तर दररोज १०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यावी लागते. आमच्या शाखेत यंत्रातली जादा सापडलेली रोकड एका तात्पुरत्या खात्यात जमा पडून राहत असे आणि ते खाते कोणी फारसे उघडून पाहत नसे. लेखापाल मॅडमनी ते खाते माझ्यापुढे ठेवले. एका बाजूला यंत्राच्या आतल्या नोंदीची छापील पट्टी, दुसऱ्या बाजूला खात्यांतून वजा झालेल्या रकमांचा अहवाल, तिसऱ्या बाजूला रोकड भरताना मोजलेली शिल्लक. वेळ, कार्डाचे शेवटचे चार अंक आणि रक्कम ही तिन्ही जुळली की पेन्सिलीने खूण करायची. एका मच्छीमार बाईंची १०,००० रुपयांची तक्रार अशीच लोंबकळत होती. पट्टीवर नोटा बाहेर ढकलल्याची नोंद होती, म्हणून सर्वजण "पैसे मिळालेच असणार" असे म्हणत होते. त्याखालच्या ओळीत, काही सेकंदांनंतर, नोटा उचलल्या न गेल्यामुळे यंत्राने परत आत ओढल्याची नोंद होती. आत ओढलेल्या नोटा वेगळ्या डब्यात पडतात. त्या दिवशीच्या मोजणीत त्या डब्यातले १०,००० जादा म्हणून तात्पुरत्या खात्यात गेले होते. मी व्हाउचर हाताने लिहून दिले, मॅडमनी नोंद केली, व्यवस्थापकांनी मंजूर केली आणि बाईंना रक्कम भरपाईसह मिळाली.

मुद्दा असा की हे काम मला मिळाले, कारण त्या मॅडमना शिकवण्याची हौस होती. दुसऱ्या शाखेतल्या माझ्या मैत्रिणीला वर्षभर पासबुकेच छापावी लागली. दोघींच्या प्रमाणपत्रांवरचा मजकूर सारखाच आहे.

अंत्रुजवासी

मी फोंड्यात सनदी लेखापाल म्हणून व्यवसाय करतो. विर्डीकर यांनी ज्या योजनेचे वर्णन केले तिला आपल्याकडे सर्वांत जवळचे काय असेल, तर बँकांची उमेदवारी नव्हे, सनदी लेखापालाची (सी.ए.ची) आर्टिकलशिप, म्हणजे सनद मिळण्यापूर्वी लेखापालाच्या हाताखाली करायची उमेदवारी. आश्चर्य याचे वाटते की गोव्यात पालक तिच्याकडे परीक्षेतला एक अडथळा म्हणून पाहतात, उमेदवारी म्हणून कोणी पाहतच नाही.

१ जुलै २०२३ पासून सनदी लेखापालांच्या इन्स्टिट्यूटने नवी शिक्षणयोजना लागू केली. तीनऐवजी दोन वर्षांची आर्टिकलशिप झाली, आणि ती इंटरमीजिएटचे, म्हणजे सी.ए.च्या मधल्या परीक्षेचे, दोन्ही गट उत्तीर्ण झाल्यावरच सुरू करता येते. त्या काळात आठवड्याला ३५ तास कार्यालयात काम करावे लागते. इन्स्टिट्यूटची परवानगी घेऊन सोबत पदवीचा अभ्यासक्रमही चालू ठेवता येतो. म्हणूनच अनेक मुले बारावीनंतर फाउंडेशन ही पहिली परीक्षा देऊन बी.कॉम. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून करतात. पगार थोडा, शुल्क आपल्या खिशातून, परंतु पदवी, व्यावसायिक परीक्षा आणि कामाचा अनुभव तिन्ही एकाच काळात. स्विंडनचा भाचा जे करतो आहे त्याचा सांगाडा हाच आहे. फरक पैसे कोण भरतो यात आहे, आणि तो फरक लहान नाही हे मला मान्य आहे. आर्टिकलला मिळणारे किमान विद्यावेतन बँकेच्या १२,००० रुपयांच्या आसपासही जात नाही. आमच्यापैकी काही कार्यालये किमान रकमेवर थांबतात, आणि त्यांना चांगली मुले टिकवता येत नाहीत.

आता मोठ्या बँकेचा भाग. आर्टिकलशिपच्या शेवटच्या वर्षात ९ ते १२ महिने औद्योगिक प्रशिक्षण घेण्याची सोय आहे. ते एखाद्या पात्र संस्थेत, तेथे नोकरीत असलेल्या इन्स्टिट्यूटच्या सभासदाच्या हाताखाली घ्यायचे असते. मोठ्या बँकांच्या वित्त विभागांत अशी मुले घेतली जातात. येथे मात्र गोव्याबाहेर पडावे लागते, कारण शाखाधिकारी साहेबांनी लिहिल्याप्रमाणे ताळेबंद मुंबईत तयार होतो, म्हापशात नव्हे. मुलीला बँकेतच लेखाशास्त्र शिकायचे असेल तर ती जागा ही आहे: तिमाही निकालांची तयारी, थकीत कर्जांवरील तरतुदी (बुडण्याच्या शक्यतेपोटी बाजूला धरायच्या रकमा), रिझर्व्ह बँकेला जाणारी विवरणपत्रे.

माझे मत विचाराल तर पहिले वर्ष बँकेत घालवूच नये. लहान कार्यालयात काढावे. आमच्याकडे एका आठवड्यात मूल काजू कारखान्याचा साठा मोजते, हॉटेलच्या खोल्यांच्या भाड्यावरचा जीएसटी पाहते, देवस्थानच्या महाजनांना फंडपेटीचा हिशेब कसा ठेवायचा ते सांगते आणि पतसंस्थेची तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या शिल्लकांची यादी, जुळवते. एप्रिल उजाडला की बँकशाखांचे वैधानिक लेखापरीक्षण येते. तेव्हा आर्टिकल त्याच शाखेत जातो जेथे शिकाऊ उमेदवार बसलेला असतो, पण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला असताना खाते अजून चांगल्यांत कसे दिसते, मार्चच्या अखेरीस आलेली रक्कम खरोखर ग्राहकाने भरली की दुसऱ्या कर्जातून फिरवली, हे प्रश्न विचारण्याचा हक्क त्याला असतो. गोव्यात खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या तेव्हा ट्रक आणि बार्जांची कर्जे कशी थकत गेली, ते ज्यांनी लेखापरीक्षणात पाहिले त्यांना तरतूद म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. विर्डीकर, आपण त्याच ट्रकांचे हिशेब लिहीत होता, तेव्हा मी काय म्हणतो ते आपल्याला कळेल. आणि म्हापसा अर्बनचा परवाना एप्रिल २०२० मध्ये आणि मडगाव अर्बनचा जुलै २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला, ही आठवण तर आपल्या सर्वांनाच आहे. बँकेची पुस्तके वाचता येणारी माणसे गोव्याला मुंबईइतकीच लागतात.

वाणिज्यशिक्षिका

अंत्रुजवासी सरांच्या प्रतिसादाला एक जोड देते, कारण तिसरा मार्ग अद्याप कोणी सांगितलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदवीची मार्गदर्शक तत्त्वे आधी २०२० मध्ये आणि नंतर २०२५ मध्ये नव्याने प्रसिद्ध केली. त्यांप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रे, आणि चार वर्षांच्या पदवीत दोन ते चार सत्रे, विद्यार्थी आस्थापनेत उमेदवार म्हणून काम करतो, त्याचे श्रेयांक पदवीत धरले जातात आणि विद्यावेतनही मिळते. कागदावर पाहता विर्डीकर विचारतात ती गोष्ट हीच आहे.

अडचण अशी की ही सोय विद्यार्थ्याला एकट्याने घेता येत नाही. महाविद्यालयाने तो अभ्यासक्रम मंजूर करून घ्यावा लागतो आणि आस्थापनेशी करार करावा लागतो. दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीला साध्या बी.कॉम.मधून मध्येच त्यात शिरणे व्यवहार्य नाही. ज्यांची मुले यंदा बारावीला आहेत त्यांनी प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयाला दोन प्रश्न अवश्य विचारावे: करार कोणत्या आस्थापनेशी झाला आहे, आणि विद्यार्थी शाखेत बसणार की लेखा विभागात. विक्रीच्या कामाला "बँकिंग आणि वित्त" असे नाव देऊन मुलांना दारोदार क्रेडिट कार्डांसाठी फिरवले जाऊ नये, इतकी काळजी घेण्याचे काम आम्हा शिक्षकांचे आहे.

विर्डीकर

सर्वांचे मनापासून आभार. मुलीने हा धागा दोनदा वाचला. तिलाच लिहायला सांगतो, पुढचे तिनेच विचारलेले बरे.

विर्डीकरांच्या खात्यावरून, मुलगी

नमस्कार. सांगेकरीण ताईंची एटीएमची गोष्ट वाचून मला वाटले की मला तेच काम आवडेल, पण ते मिळेल की नाही हे नशिबावर सोडायचे नाही. अंत्रुजवासी सर, मी दुसऱ्या वर्षाला आहे. आता फाउंडेशन द्यावी, की पदवीनंतर थेट इंटरमीजिएटला जावे? आणि इंटरमीजिएट एक-दोन प्रयत्नांत झाली नाही, तर बँकेच्या शिकाऊ उमेदवारीचा मार्ग तोवर बंद होतो काय? घरची परिस्थिती अशी आहे की पदवीनंतर फार काळ काहीही न कमावता राहणे मला जमणार नाही.

अंत्रुजवासी

बेटा, तुझ्या महाविद्यालयीन गुणांवर उत्तर अवलंबून आहे. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला ५५ टक्के गुण असतील तर फाउंडेशन द्यावी लागत नाही, थेट इंटरमीजिएटला नोंदणी होते, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना तात्पुरती नोंदणी करता येते. गुण त्याच्या वर निश्चित राहतील असा विश्वास असेल तर फाउंडेशनचे चार विषय नव्याने अंगावर घेऊ नकोस. तो वेळ तिसऱ्या वर्षाच्या गुणांना आणि इंटरमीजिएटच्या पहिल्या गटाला दे. गुण काठावर असतील तर आताच फाउंडेशन दे, म्हणजे पदवीच्या टक्क्यांवर काही अडून राहणार नाही. परीक्षा आता वर्षातून तीन वेळा होते, म्हणून एक संधी हुकली तरी पूर्वीसारखे अर्धे वर्ष वाया जात नाही.

कमाईविषयी तू स्पष्ट लिहिलेस ते बरे केलेस. इंटरमीजिएटचा अभ्यास चालू असताना फोंडा, म्हापसा, मडगाव येथील कार्यालयांत हिशेब लिहिण्याचे आणि जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे अर्धवेळ काम मिळते. ते आर्टिकलशिपमध्ये धरले जात नाही, परंतु हात बसतो आणि आर्टिकलशिपला जागा शोधताना तेच कार्यालय बहुधा पहिले बोलावते. मुलाखतीला गेलीस की विद्यावेतन किती, हे विचारायला संकोच करू नकोस, आणि बँकशाखांची लेखापरीक्षणे तुमच्याकडे येतात काय, हेही विचार.

निवृत्त शाखाधिकारी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. वयोमर्यादा २८ च्या आसपास असल्यामुळे तुझ्याकडे भरपूर काळ आहे, मार्ग इतक्यात बंद होत नाही. पण दोन अटी पाहून ठेव. पदवीनंतर एक वर्ष किंवा अधिक नोकरीचा अनुभव असलेला उमेदवार बऱ्याच जाहिरातींत अपात्र ठरतो, आणि एकदा उमेदवारी पूर्ण केलेल्याला पुन्हा घेत नाहीत. तेव्हा ही संधी एकदाच वापरायची आहे असे समजून शाखा निवडता आली तर निवड. विद्यावेतनातला सरकारी हिस्सा थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होतो, म्हणून नोंदणी करण्यापूर्वी आधार खात्याशी जोडलेले आहे आणि पदवीच्या प्रमाणपत्रावर, आधारवर व बँकेत नाव एकाच पद्धतीने लिहिलेले आहे याची खात्री करून घे. गोव्यात वडिलांचे नाव, आडनाव आणि गावाचे नाव यांचा क्रम प्रत्येक कागदावर निराळा असतो, आणि उमेदवारांचे विद्यावेतन अडकण्याचे ते एक नेहमीचे कारण मी पाहिले आहे.

सांगेकरीण

कोंकणीच्या चाचणीत आम्हाला एक उतारा मोठ्याने वाचायला लावला आणि त्यावर काही ओळी लिहायला सांगितल्या, इतकेच. माझ्याही दहावीला मराठीच होती. घरी बोलतो ती कोंकणी लिहिण्याचा सराव नसतो, म्हणून आधीचे काही आठवडे मी देवनागरी कोंकणीतले वर्तमानपत्र रोज वाचत असे आणि अर्धे पान उतरवून काढत असे. आणि रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तो कपाटातला अभ्यासक्रम लेखी अर्ज करून माग. अर्जाची प्रत, पोच घेऊन, स्वतःकडे ठेव.